चार भोकांची गोष्ट

७२, ८०, ७५, ७८.

मटक्याचे आकडे नव्हेत, मंडळी. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती कूलर बसवायला जी चार भोकं असतात ना, त्यांच्यातलं हे अंतर आहे, मिलिमीटरमध्ये. २००४ पासून आजपर्यंत इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर हे आकडे असे बदलत आलेत. एएमडीचा हिशेब तर आणखी वेगळा.

नवा मदरबोर्ड घ्यायचा ठरलं की आपण प्रोसेसर बघतो, रॅम बघतो, किती एसएसडी लागतील ते बघतो. मग अगदी शेवटी आठवतं, अरे, तो चार वर्षांपूर्वीचा लिक्विड कूलर आहे की! दहा-बारा हजारांची वस्तू, अजून मस्त चालतेय. तो ह्या नव्या बोर्डवर बसेल का? दुकानदार म्हणतो, "बसेल ना, साहेब." कूलरच्या खोक्यावर सॉकेटची जी यादी असते तिच्यात मात्र नव्या सॉकेटचं नावच नसतं. पंप ठीक, पंखे ठीक, रेडिएटर ठीक, आणि तरी अख्खा कूलर तीन मिलिमीटरपायी भंगारात जायची पाळी.

ह्यात गंमत अशी की हा प्रश्न कॉम्प्युटरच्या बाकी कुठल्याच भागाबाबत इतका छळत नाही. रॅमची मापं जेडेक नावाची संस्था ठरवते, त्यामुळे डीडीआर ५ ची पट्टी कुठल्याही कंपनीची घ्या, डीडीआर ५ च्या खाचेत बसते. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटचे नियम पीसीआय-सिगकडे आहेत. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये कुठे स्क्रूनं आवळायचा हे इंटेलनं १९९५ साली एटीएक्समध्ये लिहून ठेवलं, आणि तीस वर्षांनंतरही आपण त्याच भोकांत स्क्रू फिरवतोय. कूलरला मात्र असा कोणी वालीच नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

एके काळी प्रोसेसरला कूलरच नसायचा. ३८६ च्या चिपवर साधा हीटसिंकसुद्धा लावत नसत. चिप गरम व्हायची, आजूबाजूची हवा ती उष्णता घेऊन जायची, विषय संपला. १९९२ च्या ४८६ डीएक्स २ पासून चिपवर हीटसिंक आणि छोटासा पंखा दिसायला लागला. १९९३ चा पहिला पेंटियम ६६ मेगाहर्ट्झला साधारण १६ वॉट खायचा आणि तेव्हा लोकांना ते भयंकर वाटलं होतं. आज १६ वॉट म्हणजे काय, तर घरातले दोन एलईडी बल्ब.

त्या काळात मदरबोर्डला भोकं पाडायची गरजच नव्हती. सॉकेटच्याच दोन बाजूंना प्लॅस्टिकचे दात असायचे आणि हीटसिंकची स्प्रिंगची पट्टी त्यांच्यात अडकवायची. कूलर हलका, त्यामुळे सॉकेट त्याचं वजन सहज पेलायचं. म्हणजे कूलर हा तेव्हा सॉकेटचा पाहुणा होता आणि बोर्डाला त्याची खबरही नव्हती.

ही व्यवस्था मोडली ती ॲथलॉन आणि पेंटियम ४ च्या भांडणात. एएमडीच्या सॉकेट ए मध्ये चिपचा सिलिकॉनचा तुकडा उघडाच असायचा, वर धातूचं झाकण नाही. हीटसिंकची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं दाबून अडकवावी लागायची. हात तिरका झाला की चिपचा कोपरा उडाला. स्क्रूड्रायव्हर निसटला की मदरबोर्डवर ओरखडा. (नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात असेंबल्ड पीसी जोडणाऱ्या कोणालाही विचारा, त्याच्या पोतडीत अशा कहाण्या असतातच.) सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरनं एक प्रयोग केला. चालू कॉम्प्युटरवरून हीटसिंक सरळ उचलून घेतला. पेंटियम ४ नं आपला वेग कमी केला आणि रडतखडत काम चालू ठेवलं. ॲथलॉनमधून काही सेकंदांत धूर निघाला. तो व्हिडिओ त्या काळच्या बारीक इंटरनेटवरूनसुद्धा जगभर फिरला. तोपर्यंत कूलर ही 'असला तर बरा' अशी गोष्ट होती. आता लोकांना कळलं की प्रोसेसरचा जीवच त्याच्यात आहे.

इंटेलची अडचण वेगळी होती. पेंटियम ४ चे हीटसिंक अर्ध्या किलोच्या आसपास गेले. एवढं वजन सॉकेटच्या प्लॅस्टिकच्या दातांवर टांगून ठेवणार कसं? त्यात टॉवर कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उभा असतो, म्हणजे वजन आडवं लोंबकळणार. म्हणून सॉकेट ४२३ साठी कूलरचा आधार बोर्डातून आरपार थेट कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूनं जोडावा लागायचा, आणि त्यासाठी कॅबिनेटही तसं लागायचं. पुढच्याच वर्षी सॉकेट ४७८ आला आणि त्याच्याबरोबर सॉकेटभोवतीची प्लॅस्टिकची चौकट आली. आणि २००४ मध्ये एलजीए ७७५ आला, तेव्हा इंटेलनं चौकटही काढून टाकली. बोर्डला सरळ चार भोकं, ७२ मिलिमीटरच्या चौकोनात. कूलरचे चार प्लॅस्टिकचे पाय त्यात टक्-टक् दाबायचे. दाबताना बोर्ड इतका वाकायचा की पोटात गोळा यायचा.

आपल्या प्रश्नाचा जन्म इथला. कूलर सॉकेटवरून उतरून बोर्डावर आला, पण बोर्डाच्या मापांचं जे सर्वमान्य पुस्तक होतं, एटीएक्स, त्यात ह्या चार भोकांसाठी पान नव्हतं. ती मापं प्रोसेसर बनवणारा ठरवणार, आणि सॉकेट बदलला की त्याला वाटलं तर तीही बदलणार.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. २००८ मध्ये एलजीए १३६६ ची मोठी चिप आली, भोकं ८० मिलिमीटरवर गेली. २००९ मध्ये एलजीए ११५६ आला, ७५ मिलिमीटर. आणि मग एक चांगली गोष्ट घडली. ११५५, ११५०, ११५१, १२००, असे सॉकेट बदलत गेले, जुना प्रोसेसर नव्या बोर्डात चालेनासा झाला, पण चार भोकं ७५ वरच राहिली. २००९ चा कूलर २०२० च्या बोर्डवर बसू शकत होता. एएमडीकडेही तसंच. २००६ च्या एएम २ मध्ये भोकं ९६ बाय ४८ मिलिमीटरच्या आयतात होती, ती एएम ३+ पर्यंत तशीच राहिली. २०१७ मध्ये रायझन बाजारात आला तेव्हा एएम ४ च्या बोर्डांवर ती ९० बाय ५४ झाली. आकड्याच्या हुकांनी अडकणारे कूलर तरीही बसले, कारण हुकांची प्लॅस्टिकची पट्टी तीच ठेवली होती. स्क्रूनं आवळायचे कूलर, म्हणजे बहुतेक लिक्विड कूलर, अडले.

आता लिक्विडकडे वळू. पाण्यानं कॉम्प्युटर थंड करणं ही गेमिंगवाल्यांची टूम आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ती आपल्या आई-वडिलांच्या पिढीची गोष्ट आहे. १९७६ च्या क्रे-१ सुपरकॉम्प्युटरमध्ये फ्रिऑन वायू खेळवलेला होता, आपल्या फ्रिजसारखा. मशीन ११५ किलोवॉट खायचं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किट सरळ फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. भारतानं हवामानाच्या अंदाजासाठी क्रेचंच एक्स-एमपी मशीन घेतलं, पण त्याहून तगडं मशीन अमेरिकेनं दिलं नाही. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला, ही गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. त्याच परमच्या वंशातला परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसला, त्यात थेट चिपवरच्या प्लेटमधून द्रव फिरतो. आपल्या टेबलाखालच्या कूलरचा तो मोठा भाऊच म्हणा ना.

पण आपल्या कूलरचा खरा पूर्वज मला वाटतो आयबीएमचा ३०८१, १९८० सालचा. त्यात शंभराहून जास्त चिप्स एका चौकोनी डब्यात बसवलेल्या असत. आता इतक्या चिप्सची उंची अगदी एकसारखी कशी असणार? कोणी केसभर वर, कोणी केसभर खाली. सपाट प्लेट ठेवली तर काहींना टेकेल, काहींना नाही. म्हणून आयबीएमच्या इंजिनियरांनी प्रत्येक चिपवर स्प्रिंगनं दाबलेला ॲल्युमिनियमचा एकेक दट्ट्या बसवला, मधल्या फटींत हेलियम भरला, आणि डब्याच्या पाठीवर पाणी खेळवणारी थंड प्लेट आवळली. पाणी चिपला शिवतही नव्हतं. हा दट्ट्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्वदच्या दशकात आयबीएमनं बायपोलर सोडून सीमॉस चिप्स घेतल्या. त्या इतक्या थंड होत्या की मोठ्या मशीनमधले पाण्याचे नळ निघून गेले. आणि नेमकं त्याच सुमारास पाणी घरातल्या पीसीत शिरायला लागलं! १९९८ चा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ४५० वर पळतो हे कळल्यावर ओव्हरक्लॉकिंगची लाट आली. अमेरिकेतले हौशी लोक भंगारातून मोटारीचा हीटर कोअर आणायचे (१९७७ च्या पॉन्टियॅक बॉनव्हिलचा त्यात विशेष नावाजलेला), माशांच्या टाकीचा पंप आणायचे, आणि तांब्याचा ठोकळा घरी कोरून चिपवर आवळायचे. तिथे 'कंपॅटिबिलिटी' हा प्रश्नच नव्हता. भोकं जुळत नाहीत? ड्रिल मशीन आहे की.

मग ॲपलनं जून २००४ मध्ये पॉवर मॅक जी ५ मध्ये कारखान्यातूनच लिक्विड कूलर घालून दिला. त्यातल्या काहींमधून पुढे गळती झाली, आणि 'पाणी आणि वीज एका डब्यात नको' म्हणणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळालं. पण त्याच सुमारास डेन्मार्कमधली ॲसेटेक कंपनी दुसऱ्या वाटेनं निघाली होती. पंप आणि थंड प्लेट एकाच डबीत, दोन रबरी नळ्या, एक रेडिएटर, द्रव कारखान्यातच भरून सील. गिऱ्हाइकानं फक्त चार स्क्रू आवळायचे. २००९ मध्ये कोर्सेअरनं ॲसेटेकचा हा माल एच ५० नावानं विकायला आणला आणि ऑल-इन-वन कूलर घराघरांत गेला. (बरं, घराघरांत नाही, पण हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत तरी.)

ॲसेटेकनं ह्या रचनेचं पेटंट घट्ट धरून ठेवलं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं कूलर मास्टरची उत्पादनं विकणाऱ्या सीएमआय यूएसएच्या विरोधात निकाल दिला. परिणाम दोन झाले. काही कंपन्यांनी पंप डबीतून काढून नळीत किंवा रेडिएटरजवळ नेला. आणि कित्येक कंपन्यांचे कूलर नावानं वेगळे असले तरी आतून ॲसेटेकचे राहिले, म्हणजे पंपाभोवतीचं गोल कडं तेच आणि त्यात फिरवून बसणारा ब्रॅकेटही तोच. नकळत एक अनौपचारिक स्टँडर्ड तयार झालं. ते इतकं पसरलं की २०१७ मध्ये एएमडीनं थ्रेडरिपर आणला तेव्हा प्रोसेसरच्या डब्यातच ॲसेटेकचा ब्रॅकेट घालून दिला. समितीनं जे केलं नाही ते एका पेटंटनं केलं. ह्याला चांगलं म्हणायचं की वाईट, तुम्हीच ठरवा.

दरम्यान लिक्विड कूलर हौसेचा राहिला नाही, तो गरजेचा व्हायला लागला. ह्याचं मूळ पुन्हा २००४ मध्ये आहे. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करायचं, म्हणजे चौरस मिलिमीटरमागे उष्णता तेवढीच राहते, हा नियम रॉबर्ट डेनार्डनं १९७४ मध्ये मांडला होता. तीस वर्षं तो चालला. मग व्होल्टेज खाली जाईना, कारण ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळायला लागले. पेंटियम ४ चा एक अवतार ११५ वॉटला टेकला आणि इंटेलनं मे २००४ मध्ये त्याचा वारस, तेजास, रद्दच केला. मग एका चिपवर दोन, चार, आठ कोअर आले. थोडी वर्षं सगळं थंडावलं. २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलनं ओव्हरक्लॉक होणाऱ्या प्रोसेसरबरोबर कूलर देणं बंद केलं. तुझा तू घे. आणि नोव्हेंबर २०२१ च्या आय ९-१२९०० के साठी इंटेलनंच कमाल २४१ वॉट हा आकडा छापला.

हा प्रोसेसर ज्या सॉकेटवर आला तो एलजीए १७००. इथे बारा वर्षांची शांतता मोडली. चिप चौकोनी होती ती लांबट झाली, ४५ बाय ३७.५ मिलिमीटर. भोकं ७५ वरून ७८ वर गेली. आणि ज्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं ती गोष्ट म्हणजे बसवलेल्या प्रोसेसरची उंची पाऊण मिलिमीटरच्या आसपास कमी झाली. आसुसच्या काही बोर्डांवर तर दोन्ही भोकं दिली होती, ७५ ची आणि ७८ ची. लोक खूश. पण जुन्या ब्रॅकेटचे स्क्रू जुन्या उंचीच्या हिशेबानं थांबतात. स्क्रू पूर्ण आवळला, हाताला घट्ट लागला, तरी प्लेट चिपवर हवी तितकी दाबलेलीच नाही! भोक जुळलं, दाब जुळला नाही. आयबीएमनं १९८० मध्ये स्प्रिंगच्या दट्ट्यानं जो प्रश्न सोडवला होता तोच हा, केसभर उंचीचा. २०२४ च्या एलजीए १८५१ मध्ये सुदैवानं ७८ च कायम आहे.

एएमडीच्या २०२२ च्या एएम ५ मध्ये वेगळी मेख आहे. भोकं एएम ४ चीच, ९० बाय ५४. पण बोर्डामागची लोखंडी पट्टी, बॅकप्लेट, आता सॉकेटलाही धरून ठेवते, म्हणून ती काढता येत नाही. जो कूलर एएमडीच्या मूळ बॅकप्लेटमध्येच स्क्रू आवळतो तो बसतो. जो स्वतःची बॅकप्लेट घेऊन येतो तो, भोकं जुळूनही, बसत नाही.

तर, इतिहासातून कामाचं काय निघतं? पहिलं, 'बसतो का' हे सॉकेटच्या नावावरून नाही, ब्रॅकेटच्या नावावरून बघा. कूलरचं नेमकं मॉडेल आणि नवा सॉकेट लिहून कंपनीला विचारा. कित्येक कंपन्या नव्या सॉकेटचा ब्रॅकेट बिलाच्या फोटोवर फुकट किंवा थोडक्या पैशांत देतात. हे बोर्ड घेण्याआधी करा. आधी ब्रॅकेट, मग बोर्ड. दुसरं, बोर्डाच्या मागे बघा, बॅकप्लेट निघते का, आणि कूलरला कुठली लागते. तिसरं, बोर्डावर काय उंच आहे ते बघा. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणार असाल तर उंच रॅम आणि सॉकेटजवळचे हीटसिंक पंख्याला अडतात. चौथं, वायरी. चार पिनांचा पंखा २००४ पासून आहे, तो बोर्डवर चालेलच. पण पंपाची वायर जिथे लावाल तिथे बायोसमध्ये पूर्ण वेग ठेवा, नाहीतर बोर्ड त्याला पंखा समजून हळू करेल. काही कूलरना आतला यूएसबी २.० चा कनेक्टरही लागतो, तो नव्या बोर्डवर मोकळा आहे का ते मोजून घ्या.

आणि पाचवं, जे कोणी बोलत नाही, वय. सीलबंद कूलरमधला द्रव रबरी नळ्यांतून अगदी संथपणे उडत राहतो. बऱ्याच कंपन्या पाच-सहा वर्षांची वॉरंटी देतात, त्यामागे हेही एक कारण आहे. कूलर सात वर्षांचा असेल तर ब्रॅकेट शोधत बसू नका. तीन-चार वर्षांचा असेल तर मात्र हजार-पाचशे रुपयांच्या ब्रॅकेटसाठी जरूर खटपट करा.

एक गैरसमज जाता जाता. पाणी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करत नाही. माठातलं पाणी गार होतं ते बाष्पीभवनानं, इथे सगळं सीलबंद आहे. पाणी फक्त हमाली करतं, उष्णता चिपवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून जास्त उष्णता वाहतं खरं, पण शेवटी ती खोलीतल्या हवेतच सोडायची असते. नागपुरात मे महिन्यात खोली ४२ अंशांवर असेल तर कूलरमधलं पाणी त्याच्या वरच राहणार. त्यामुळे ६५ वॉटचा प्रोसेसर असेल तर चांगल्या हवेच्या कूलरवर निभावतं, तो गळतही नाही आणि त्याला पंपही नाही.

माझं मत विचाराल तर ही चार भोकं आता एखाद्या स्टँडर्डमध्ये लिहायची वेळ झाली आहे. सॉकेट बदलायचा तर खुशाल बदला, त्याला विजेची आणि पिनांची खरी कारणं असतात. पण ७५ ची ७८ करताना, चालू स्थितीतल्या किती कूलरचं भंगार होणार ह्याचा हिशेब ना बोर्डवाल्याच्या खात्यात येतो ना चिपवाल्याच्या. तो येतो आपल्या खात्यात, आणि मग कचऱ्यात. तोपर्यंत एवढं करा, कूलरचं खोकं टाकून द्या हवं तर, पण त्यातली स्क्रूंची आणि ब्रॅकेटची पिशवी नाव लिहून जपून ठेवा. पुढच्या बोर्डच्या वेळी तीच लागते.